शेवटी बोलेल त्याचं ऐकणाऱ्या सरपंचताई

"मॅडम, मला निर्णय घेताच येत नाही. कुणीतरी दुसरीच सरपंच व्हायला पाहिजे होती."

खुर्चीच्या कडेवर बसून, मांडीवरची पिशवी खाली न ठेवताच त्या हे बोलल्या. मी तालुक्याच्या गावी समुपदेशन करते. महाराष्ट्रात २०११ मध्ये पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांना राखीव झाल्या, बायका खुर्चीवर आल्या. त्या खुर्चीत जीव किती टांगणीला लागतो, हे बोलायची जागा मात्र त्यांना सापडत नाही. या ताईंच्या परवानगीने, गाव ओळखू येणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे.

विषय होता बोअरचा. उपसरपंचांनी पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरला, नारळ उभा राहिला ती जागा ठरली. नेमकी उपसरपंचांच्या गोठ्याजवळ. ताईंनी नवऱ्याला विचारलं, दिराला विचारलं, ग्रामसेवकाला विचारलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. सभेच्या दिवशी दारातून निघताना सासरे म्हणाले, "वाकड्यात शिरू नको." ताईंनी प्रोसिडिंगवर सही केली. २८० फूट गेली, नुसता फुफाटा निघाला.

"बघा, माझा निर्णय चुकला," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "पण ताई, तुमचं स्वतःचं मत काय होतं?"

त्या बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "खालच्या आळीतला हापसा मे महिन्यातसुद्धा आटत नाही. वीसेक वेळा हापसावं लागतं, पण येतं. चौदा वर्षं पाणी भरलंय मी तिथं. पाझर त्या अंगालाच असणार."

म्हणजे त्यांचा अंदाज चुकलाच नव्हता. तो सभेत पोचलाच नव्हता. आणि बोअर कोरडी गेल्याचा दोष मात्र त्यांनी स्वतःच्या अकलेला लावला होता.

दुसऱ्या भेटीत चूक माझी झाली. "मग आता मी काय करू, तुम्हीच सांगा," असं त्यांनी विचारलं आणि मी सांगून बसले: सासऱ्यांशी एकदा नीट बोला. त्यांनी शब्दशः तसंच केलं, घरात चार दिवस अबोला. त्यांच्या यादीतली शेवटी बोलणारी आता मी झाले होते!

असा प्रश्न घेऊन आलेल्याला लोक सर्रास ऐकवतात, ऐकावे जनाचे करावे मनाचे. ठीक आहे. पण मनाचे काय, हेच कळेनासं झालेलं असतं. भीतीही मनातूनच बोलते. ती ओळखण्याची माझी एक खूण आहे. भीतीचं उत्तर कुठल्याही विषयात एकच असतं: नको, लोक काय म्हणतील. जाणकारीतून आलेल्या मताला तपशील असतो. कुठला हापसा, कुठला महिना, किती वेळा.

मानसशास्त्रात यावर जुना वाद आहे. डॅनियल कानेमन अंदाजावर फारसा भरवसा न ठेवणारे, तर गॅरी क्लाइन आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचे क्षणात घेतलेले निर्णय अभ्यासून अंदाजाची बाजू घेणारे. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि एका गोष्टीवर एकमत झालं. ज्या कामात काही एक नियमितपणा आहे आणि आपलं बरोबर की चूक हे वारंवार कळत आलं आहे, तिथला अंदाज भरवशाचा. बाकी ठिकाणी खात्री कितीही वाटो, ती पुरावा नव्हे. चौदा उन्हाळे पाणी भरणं याहून मोठा सराव कुठला?

मग आम्ही एक वही केली. साधी, दोनशे पानी. पान मधोमध दुमडायचं. कुणालाही विचारण्याआधी डाव्या बाजूला लिहायचं: मला काय वाटतं, कशावरून वाटतं, काय कळलं तर मत बदलेन. उजवी बाजू महिन्या-दोन महिन्यांनी भरायची, काय झालं ते. विचारायला बंदी नव्हती. फक्त माहिती विचारायची, परवानगी नाही. "खडक किती फुटांवर लागतो?" हा प्रश्न चालेल. "करू का?" हा नाही.

तीन महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. वाचताना आम्ही दोघी हसलो, कारण चित्र अगदी उघड होतं. पाणी, अंगणवाडी, रेशन, कुणाच्या घरात खरी अडचण आहे, इथे ताई जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर. अंदाजपत्रकं आणि बिलं, तिथे दोन्ही वेळा फसलेल्या. रस्त्यावरच्या दिव्यांचा दर त्यांनी "माणूस बोलायला चांगला वाटला" म्हणून मान्य केला होता. तेव्हा दराचं काम आता शाखा अभियंत्याला विचारल्याशिवाय नाही. सरसकट आत्मविश्वास वाढवायच्या फंदात मी पडले नाही. बिलांच्या बाबतीत त्यांचा अविश्वास रास्तच होता.

बोअरचा विषय पुन्हा निघाला तेव्हा त्यांनी तो ग्रामसभेआधीच्या महिला सभेत घेतला. बायकांनी एकमुखाने खालची आळी सांगितली. मासिक सभेत ताई म्हणाल्या, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून दोन्ही जागांची पाहणी होऊ द्या, तोवर मी सही करणार नाही.

"कुणी शिकवलं हे तुम्हाला?" उपसरपंचांनी विचारलं.

"'कुणी नाही,' म्हटलं मी," त्या फोनवर सांगत होत्या. "आवाज कापत होता मॅडम. घरी येऊन रडलेसुद्धा. पण सही नाही केली."

पाहणी अजून व्हायची आहे. वहीतल्या त्या पानाची उजवी बाजू कोरी आहे.