जंगल घेऊ की समुद्र?

प्रश्न : मी प्राणिशास्त्र घेऊन टी.वाय.बी.एससी. करते आहे. पुढे अप्लाइड इकॉलॉजीत, म्हणजे परिसरशास्त्र प्रत्यक्ष प्रश्नांना लावण्याच्या विषयात, एम.एससी. करायची आहे. जंगल घेऊ की समुद्र, ते ठरत नाही. बाबा विचारतात, याला नोकरी कुठे मिळते?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : इतक्यात काही निवडू नकोस. तुझ्याकडची दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावापाशी उगम पावते आणि मनोरीच्या खाडीत जाते. वर धुपलेली माती, वाटेतल्या तबेल्यांचं शेण, सगळं खाली तिवरांच्या मुळांशी येऊन बसतं. मग ही नदी जंगलाची की समुद्राची? दोन्ही शिकवणारा अभ्यासक्रम मिळाला तर तोच घे.

या विषयात प्रश्न दुसरे कुणीतरी आणून देतात. तोडलेल्या कांदळवनाच्या बदल्यात लावलेली रोपं जगली का? बिबट्या वस्तीत का येतो? कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजीअलीची प्रवाळं हलवली, ती तगली का? उत्तर द्यायचं तर आधी मोजलेलं हवं, नंतरही मोजलेलं हवं. ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे ऑगस्टमध्ये मोजणी केलीस तर फ्लेमिंगो जवळजवळ दिसणारच नाहीत. फेब्रुवारीत हजारोंनी दिसतील. तरीही एकाच ऋतूच्या नोंदींवर लिहिलेले अहवाल मी वाचले आहेत, आणि दर वेळी जीव कळवळतो. म्हणून सांख्यिकी टाळू नकोस. मोजणीसाठी जमिनीवर किती चौकटी टाकायच्या, कुठे, किती वेळा, हे ज्याला ठरवता येत नाही त्याने नुसती नावं ओळखून भागत नाही.

भरती-ओहोटी मात्र कोळ्यांकडून शीक. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. मोजणीसाठी किनाऱ्यावरचे खडक नीट उघडे पडतात ते या उधाणाच्या दिवसांत. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, सोयीची वाटते, पण तो भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढ-उताराचा दिवस. पाणी पुरतं उतरत नाही. तेव्हा पहाटे उठायची तयारी ठेव.

बाबांना खरं ते सांग. सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पांवरची, मुदतीची कामं आणि बेताचे पैसे. पुढे वनखात्याचा कांदळवन कक्ष, संशोधन संस्था, अध्यापन. शिवाय केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते, त्यामुळे सल्लागार कंपन्यांना जैवविविधतेचा जाणकार ठेवावाच लागतो. तिथे प्रामाणिक माणसांची फार गरज आहे गं.

गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आहे, पुदुच्चेरीत इकॉलॉजी. अर्ज भरण्याआधी दोन्हीकडचा अभ्यासक्रम वाच, आणि सांख्यिकी व क्षेत्रकार्य सक्तीचं आहे का, ते तिथे शिकणाऱ्या मुलांना विचार.