युरिकेजची कॅप्सूल आणि युरिक अ‍ॅसिडच्या इतर शंका

युरिक अ‍ॅसिडबद्दलची पत्रे थांबत नाहीत आणि शंका बहुतेक त्याच. म्हणून काही उत्तरे एकत्रच.

प्रश्न : फुल बॉडी चेकअपमध्ये युरिक अ‍ॅसिड ७.४ आले. त्रास काहीच नाही. गोळी घ्यावी का?

उत्तर : नुसत्या आकड्यासाठी नाही. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : डाळी, पालक, टोमॅटो कायमचे बंद?

उत्तर : नाही. बिअर, कलेजी, सुकट आणि गोड शीतपेयांचे काय, ते आधी सांगा.

प्रश्न : पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, पण युरिक अ‍ॅसिड ५.८. म्हणजे गाऊट (युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांमुळे होणारी सांधेदुखी) नाही ना?

उत्तर : असू शकतो. ऐन दुखण्यात आकडा खाली येतो. सूज ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. ताप असेल तर आजच डॉक्टर गाठा. सांध्यातला जंतुसंसर्गही असाच दिसतो.

प्रश्न : मेडिकलवाल्याने जीवाणूंची ‘युरिकेज’ कॅप्सूल दिली. युरिक अ‍ॅसिड आतड्यातच मोडते म्हणे. अ‍ॅलोप्युरिनॉल सोडू का?

उत्तर : अजिबात सोडू नका. माणसाच्या शरीरात प्युरिनचा (पेशींतल्या आणि अन्नातल्या एका घटकाचा) प्रवास युरिक अ‍ॅसिडपाशी संपतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हे एन्झाइम ते पुढे मोडून सहज विरघळणारे अ‍ॅलन्टॉइन बनवते. आपल्या पूर्वजांत युरिकेजचे जनुक लाखो वर्षांपूर्वीच निकामी झाले. अनेक जीवाणूंकडे हे एन्झाइम आहे. इथपर्यंत जाहिरात खरी. पण युरिकेजला प्राणवायू लागतो आणि मोठ्या आतड्यात तो जवळजवळ नसतोच. तिथले जीवाणू युरिक अ‍ॅसिड मोडतात ते प्राणवायूविना, वेगळ्याच जनुकांच्या बळावर. ही जनुके २०२३ मध्ये उजेडात आली. डबीवर मात्र नाव युरिकेजचे! शिवाय एन्झाइम म्हणजे प्रथिन, ते पोटातच पचू लागते. संशोधन होत राहील, पण म्हणून काउंटरवरच्या सल्ल्याने चालू औषध सोडायचे? अ‍ॅलोप्युरिनॉल आपल्याच झँथिन ऑक्सिडेजला (युरिक अ‍ॅसिड बनवणाऱ्या एन्झाइमला) रोखून युरिक अ‍ॅसिड कमी बनू देते. गाऊटमध्ये आकडा ६ च्या खाली ठेवायचा असतो. गोळी सोडली की तो चढतो आणि सांध्यात स्फटिक पुन्हा साचू लागतात. अपवाद एकच : अंगावर पुरळ उठले तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. मात्रेचा निर्णयही त्यांचाच.

प्रश्न : वडिलांना रक्ताचा कर्करोग आहे. युरिक अ‍ॅसिड उतरवणाऱ्या रॅस्ब्युरिकेज इंजेक्शनआधी जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारे एन्झाइम) तपासणी सांगितली आहे. टाळता येईल?

उत्तर : टाळण्याचा आग्रह धरू नका. हे बुरशीपासून मिळवलेले युरिकेज थेट शिरेत जाते, म्हणून कामही करते. पण त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि जी-सिक्स-पीडी कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. घाई किती, ते कर्करोगतज्ज्ञांनाच विचारा. इंजेक्शननंतर तपासणीसाठी घेतलेले रक्त बर्फातच लॅबला गेले पाहिजे. एरवी नळीतही एन्झाइम चालूच राहते आणि आकडा खोटा कमी येतो.