वाचक विचारतात: काळ्या पोलादावरचं सोनं

प्रश्न: पुतण्याने स्पेनमधल्या तोलेदोहून तपकिरीची जुनी डबी आणली. काळी, वर सोन्याची वेलबुट्टी. सासूबाई म्हणतात चिंचेने घास, गावचा सोनार म्हणतो कसोटीवर लावून पाहू. सोनं खरं असेल का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर: चिंच आणि कसोटी, दोन्ही आधी थांबवा. पितळेवरचा काळपटपणा जावा म्हणून आपण चिंच लावतो. या डबीत तो काळा थर हेच अर्धं काम आहे. तो गेला की खाली उघडं लोखंड, आणि पावसाळ्यात त्यावर गंज चढायला वेळ लागत नाही. कसोटीचंही तसंच. सोनं इतकं पातळ असतं, की दोन घासांत वेलीचं पान साफ.

या कामाला स्पॅनिशमध्ये 'दमास्किनादो' म्हणतात, दमास्कस शहरावरून. मुळात ही शस्त्रांवरची सजावट. स्पेनमधल्याच एइबार गावच्या प्लासिदो सुलोआगा (1834–1910) यांनी ती पेट्या-फुलदाण्यांवर फार उंचीला नेली. तोलेदोत डब्या, ब्रोच, बटणं अशा अंगावरच्या-खिशातल्या वस्तूंवर ती टिकली. पाहणाऱ्याला ही आपल्या बीदरच्या बिदरी कामाची सख्खी बहीण वाटते, पण नातं चुलतच. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्याला चुंबक चिकटत नाही, आणि चांदी कोरलेल्या खाचेत ठोकून बसवतात. तोलेदोच्या कामात खोल खाच नसतेच, पत्र्यावर बारीक चिरा पाडून सोनं त्यांवर ठोकतात.

मग सोनं हाताने ठोकलेलं की नुसता मुलामा, हे ओळखायचं कसं? चुंबक चिकटला म्हणजे तळ लोखंडाचा, एवढंच कळतं. ठशात दाबून मुलामा दिलेला मालही लोखंडी असू शकतो. म्हणून घड्याळजीचं भिंग घ्या आणि डबीवर उजेड तिरका पाडा. हातकामात सोन्याच्या पानालगतच्या काळ्या भागात बहुधा केसाहून बारीक चिरांची जाळी दिसते, आणि पानावरच्या शिरा एकसारख्या नसतात. ठशाच्या मालात काठ बोथट, आणि चारही कोपऱ्यांतली फुलं हुबेहूब एक.

निगा सोपी आहे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, सुती फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घेऊन पुसा, मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. जवसाचं तेल मुळीच नको, ते वाळून पिवळी साय धरतं. गंजाच्या ठिपक्यावर तेल लावून रात्रभर ठेवा आणि बांबूच्या काडीने हळूच खरवडा. पॉलिश पेपर नको.

प्रश्न: माझं सोनारकाम आहे. हे काम करून पाहता येईल का?
– एक वाचक, पवनी, जि. भंडारा

उत्तर: येईल, पण सुरुवात शुद्ध चांदीच्या तारेवर करा. मऊ लोखंडी पत्रा तेलकटपणा काढून स्वच्छ करा. धारदार पात्याने तीन दिशांनी एकमेकींना लागून बारीक चिरा पाडा. प्रत्येक चिरेच्या कडेला लोखंडाचा सूक्ष्म दात उभा राहतो. सगळी पकड त्याचीच. तापवून मऊ केलेली तार नक्षीवर ठेवा, बोथट ठशाने दाबा, मग हलक्या हातोडीने ठोका. दात वाकून तार धरतात. तार उचकटली तर कारण बहुतेक तीनांपैकी एक: चिरा उथळ, तार पुरेशी मऊ नाही, किंवा पत्र्याला तेलकट बोट लागलं.

काळेपणा येतो कॉस्टिक सोडा आणि सोरा यांच्या द्रावणात, सुमारे 140 अंश सेल्सिअसला. लोखंड काळं होतं, सोन्या-चांदीला काही होत नाही. रंग तपकिरी-लालसर आला, तर बहुधा तापमान बिघडलं. हे उघड्यावर, चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच करा. भांडं लोखंडाचं हवं. ॲल्युमिनियमचं भांडं या द्रावणाने खाल्लं जातं. तापलेल्या द्रावणात पाणी ओतलं की ते अंगावर उडतं. शेवटी वस्तू साध्या पाण्यात उकळून काढा, नाहीतर काही दिवसांनी फटींतून पांढरं मीठ फुटतं. पानांच्या शिरा ठशाने मारायचं काम सगळ्यात शेवटी, आणि खरा हात तिथेच कळतो.

प्रश्न: स्पेनच्या 'मनिला शाली' आणि आमच्या घरचा जुना कोसा, ठेवायची रीत एकच का?
– एक वाचक, आंधळगाव, जि. भंडारा

उत्तर: जवळपास. त्या रेशमी शालींवर भरतकाम होई चीनमधल्या कँटनला. फिलिपाइन्समधल्या मनिलातून जहाजाने मेक्सिकोच्या अकापुल्कोला, तिथून सेव्हिलला. नाव फक्त मधल्या बंदराचं. भरतकाम आणि लांब गोंडे जड, म्हणून खुंटीला टांगल्या की रेशीम ताणून चिरतं. कोसा घडीवर फाटतो. म्हणून टांगणंही नको, घडीही नको. जाड नळीला धुतलेलं सुती कापड गुंडाळून त्यावर कापड सैल गुंडाळा, भरतकाम बाहेरच्या बाजूला. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट कोंडतं. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. कसर लागली का ते पावसाळा संपल्यावर उलगडून पाहा, पण उन्हात नाही, सावलीत.