पाऊस, एको आणि लाइव्ह टॉवर: ब्रॉडकास्ट इंजिनिअरिंगवर तुमचे प्रश्न

प्रश्न: सर, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय आणि ब्रॉडकास्टमध्ये यायचंय. पण जो तो म्हणतो आता सगळं आयपीवर, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर गेलंय, आरएफ म्हणजे रेडिओ लहरींचं तंत्र शिकून काही उपयोग नाही. मग नेटवर्किंग शिकू की आरएफ?

जो तो म्हणतो त्यात अर्धंच खरं आहे. स्टुडिओच्या आत आयपी आलंय हे बरोबर. केबलवरून व्हिडिओ नेण्याच्या एसडीआय पद्धतीत एका बीएनसी कनेक्टरच्या केबलमधून एक व्हिडिओ एकाच दिशेने जातो, एचडी असेल तर सेकंदाला १.४८५ गिगाबिट, केबल कुठून कुठे गेलीय ते हाताने धरून सांगता येतं. आता २०१७ मध्ये आलेल्या एसएमपीटीई २११० या स्टँडर्डमध्ये व्हिडिओ, ऑडिओ आणि बाकीचा डेटा वेगवेगळ्या स्ट्रीममध्ये नेटवर्कवर फिरतो, आणि सगळ्या मशीनची वेळ पीटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेली असते, म्हणजे मल्टिकास्ट (एकच स्ट्रीम एकाच वेळी अनेकांना पाठवणं), स्विच, पीटीपी हे आलंच पाहिजे, त्यातून सुटका नाही. पण प्रोग्राम शेवटी हवेतून जायचा असेल तर ट्रान्समीटर, फीडर (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची केबल), अँटेना लागणारच, आणि आरएफ हाताळणारी माणसं कमी होत चाललीत त्यामुळे ज्याला ते येतं त्याला विचारणा असते.

मला विचाराल तर आधी सिग्नल शिका. डेसिबल, म्हणजे सिग्नल किती पट झाला ते सांगणारं माप, पक्कं करा, ३ डीबी म्हणजे पॉवर दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट, हे कागद न घेता सुचलं पाहिजे. वेव्हफॉर्म मॉनिटर (व्हिडिओ सिग्नलची पातळी दाखवतो) वाचायला शिका, स्पेक्ट्रम अॅनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर आहे ते दाखवतो) वाचायला शिका. कारण या कामातला खरा प्रश्न कायम एकच असतो, सिग्नल शेवटचा चांगला कुठे होता? माइकपासून अँटेनापर्यंत कुठल्या ठिकाणी तो ठीक आहे आणि कुठल्या ठिकाणी बिघडलाय हे ज्याला सापडतं तोच इंजिनिअर, मग मधे केबल असो की पॅकेट.

प्रश्न: आमच्या एफएम स्टेशनचा ट्रान्समीटर पाऊस सुरू झाला की आपोआप पॉवर कमी करतो, थांबल्यावर काही वेळाने परत नॉर्मल. कंपनीचा माणूस म्हणतो ट्रान्समीटर ठीक आहे. मग ट्रिपची लिमिट वाढवून चालेल का?

नाही, लिमिटला हात लावू नका! ट्रान्समीटर बहुतेक खरंच ठीक आहे आणि तो स्वतःला वाचवतोय. अँटेनाकडे गेलेल्या पॉवरपैकी काही परत येतेय, त्याला रिफ्लेक्टेड पॉवर म्हणतो. हे परत येणं ज्या आकड्याने सांगतात तो स्टँडिंग वेव्ह रेशो १.५ झाला की ४ टक्के पॉवर परत येते, म्हणजे ५ किलोवॉटच्या ट्रान्समीटरला २०० वॉट, आणि २ झाला की जवळजवळ ११ टक्के. एका मर्यादेनंतर मशीन आपली पॉवर खाली आणतं, याला फोल्डबॅक म्हणतात. लिमिट वाढवली तर जिथे पाणी शिरलंय तिथे आर्क होईल आणि जे काम एका कनेक्टरमध्ये भागलं असतं त्यासाठी अख्खा फीडर बदलावा लागेल.

आता शोधायचं कसं ते बघा. पाऊस चालू असताना, रिफ्लेक्टेड वर असताना, ट्रान्समीटर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर घ्या. रिफ्लेक्टेड गायब झालं तर ट्रान्समीटरपासून डमी लोडच्या स्विचपर्यंत सगळं चांगलं, दोष त्याच्या पुढे आहे. मग पाऊस थांबल्यावर किती वेळात सुधारतं ते लिहून ठेवा, वेळेसकट. तासाभरात सुधारत असेल तर बहुतेक अँटेनाच्या बाहेरच्या बाजूला पाणी बसतंय, इन्सुलेटरवर किंवा रॅडोमला (अँटेनाच्या कव्हरला) तडा असेल तिथे. दिवसेंदिवस जात नसेल तर पाणी आत आहे. फीडर हवेचा असेल, म्हणजे आत फोम नसून पोकळ, तर त्यात कोरडी हवा किंवा नायट्रोजन प्रेशरखाली भरलेला असतो, तो गेज बघा, ही कोरडी हवा भरणारा डिहायड्रेटर सारखा सारखा चालू होतोय का बघा. सारखा चालू होत असेल तर कुठेतरी गळतंय, आणि जिथून हवा बाहेर जाते तिथूनच प्रेशर पडलं की पाणी आत येतं.

यापुढची पायरी म्हणजे ट्रान्समीटर बंद करून फीडरला केबल मोजणारा अॅनालायझर लावायचा आणि दोष किती मीटरवर आहे ते मोजायचं. लोक हे काम ऊन पडल्यावर करतात आणि मग रिपोर्ट येतो सगळं ओके! ओलं असतानाच मोजा, फक्त वीज चमकत असेल तर मात्र अजिबात नको. मीटरमधलं अंतर मिळालं की टॉवरवर चढणाऱ्या टीमला नेमका जॉइंट सांगता येतो. जॉइंट उघडल्यावर आतली बुलेट, म्हणजे दोन्ही बाजूचे आतले कंडक्टर जोडणारा तो छोटा तुकडा, नीट बघायला सांगा. तिच्या स्प्रिंगच्या पाकळ्या सैल पडल्या असतील, शेजारचं पांढरं टेफ्लॉन काळं पडलं असेल तर तिथे आधीपासूनच तापत होतं, पावसाने फक्त ते उघडं पाडलं. नुसतं पुसून परत बसवू नका, बुलेट आणि ओ-रिंग (जॉइंट सील करणारी रबरी रिंग) दोन्ही नवीन घाला.

प्रश्न: लाइव्हमध्ये बाहेरून जोडलेला पाहुणा दोन वाक्यं बोलून अडखळतो, म्हणतो माझाच आवाज मला परत येतोय. अँकरला मात्र सगळं नीट ऐकू येतं. दोष त्याच्याकडे का आमच्याकडे?

तुमच्याकडे. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याच्या समोरच्या टोकाला दोष असतो, हे पाठच करून ठेवा. पाहुण्याला तुम्ही पूर्ण प्रोग्राम पाठवताय आणि त्यात त्याचाही आवाज आहे. सॅटेलाइट असेल तर तो जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर, एकदा वर जाऊन खाली यायलाच साधारण पाव सेकंद, परतीचा रस्ताही सॅटेलाइटवरून असेल तर अर्धा सेकंद, वर एन्कोडर डिकोडरचा वेळ वेगळाच. एवढ्या उशिराने स्वतःचा आवाज कानात आला की कोणीही अडखळणार, त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही.

उपाय म्हणजे मिक्स मायनस. पाहुण्याला सगळं मिक्स, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वजा. दोन पाहुणे असतील तर दोन वेगळे मिक्स मायनस लागतात, एकच दोघांना दिला तर एकतर दोघांना एको किंवा दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. ऑन एअर जायच्या आधी टेस्ट करा: बाकी सगळे माइक बंद, फक्त पाहुण्याला आकडे मोजायला सांगा, आणि त्याला जाणारी लाइन तुम्ही हेडफोनवर ऐका. तिथे शांतता हवी. पुढे कधी अँकरलाच स्वतःचा आवाज परत यायला लागला तर पाहुण्याकडे स्पीकर चालू आहे, त्याला इअरफोन घालायला सांगा.

प्रश्न: जाहिराती प्रोग्रामपेक्षा मोठ्या का वाजतात? मीटरवर तर पीक, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, सारखाच दिसतो.

पीक सारखाच असतो म्हणूनच तर फसवणूक होते. कानाला मोठेपणा जाणवतो तो सरासरी ऊर्जेवरून, आणि जाहिरातीचा आवाज कॉम्प्रेस करून, म्हणजे लहान-मोठ्यातला फरक कमी करून, सगळाच पीकच्या जवळ आणून ठेवलेला असतो. म्हणून लाउडनेस मोजायची पद्धत आली, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची बीएस १७७० ही शिफारस २००६ ची, आणि त्यावर युरोपात २०१० मध्ये ईबीयू या ब्रॉडकास्टर्सच्या संघटनेची आर १२८, टार्गेट उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक). अमेरिकेत उणे २४. लाउडनेस मीटर लावा, आणि प्रत्येक फाइल सिस्टिममध्ये घेतानाच मोजा, प्लेआउटच्या (प्रोग्राम प्रक्षेपणाला सोडणाऱ्या सिस्टिमच्या) शेवटी प्रोसेसर लावून सगळं सपाट करू नका, त्याने नाटकातली कुजबुजसुद्धा ओरडल्यासारखी येते.

प्रश्न: ओठ आणि आवाज किती मागेपुढे चालतो?

ईबीयूचा हिशोब: आवाज जास्तीत जास्त ४० मिलिसेकंद आधी, किंवा ६० नंतर. आधी आलेला जास्त खटकतो कारण निसर्गात आवाज प्रकाशाच्या आधी कधी येतच नाही. २५ फ्रेमच्या सिस्टिममध्ये एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेव्हा एखादा फ्रेम सिंक्रोनायझर (बाहेरून आलेलं चित्र स्टुडिओच्या वेळेशी जुळवणारं मशीन) किंवा ग्राफिक्सचं मशीन चित्राच्या वाटेत आलं आणि आवाजाला तेवढा डिले दिला नाही की संपलं.

प्रश्न: मुलगी मीडियम वेव्ह ट्रान्समीटर साइटवर जॉइन होतेय. आम्ही या क्षेत्रातले नाही, भीती वाटते. खरंच धोका असतो का?

असतो, आणि तो नीट समजून घेतला तर काम वर्षानुवर्षं सुरक्षित करता येतं. मीडियम वेव्हमध्ये बऱ्याच ठिकाणी टॉवर हाच अँटेना असतो, अख्खा टॉवर खाली मोठ्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि चालू असताना संपूर्ण लोखंड लाइव्ह. जमिनीवर उभं राहून त्याला हात लावायचा नाही, कुंपणाच्या आत जायचंच नाही. आरएफने भाजलं तर वरून छोटा डाग दिसतो पण आत खोल गेलेलं असतं, तेव्हा किरकोळ समजून घरी येऊ नये, डॉक्टरकडे जायचं.

ट्रान्समीटरच्या आत, विशेषतः व्हॉल्व्हच्या (व्हॅक्यूम ट्यूबच्या) जुन्या मशीनमध्ये, काही हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. त्यासाठी तो चार्ज जमिनीत सोडणारा अर्थिंग रॉड असतो, दार उघडलं की आधी तो लावायचा आणि काम होईपर्यंत तिथेच लटकवून ठेवायचा. दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की पॉवर तोडणारा स्विच) बायपास करून काम करणारा कितीही सीनियर असो, तिने त्याच्यासोबत ते काम करू नये, स्पष्ट नाही म्हणावं. मशीन रिमोटवरून चालू होत असेल तर आधी लोकलवर टाकायचं, म्हणजे फक्त जागेवरूनच चालू होईल असं, मेन ब्रेकरला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. एकटीने मशीन उघडायचं नाही, सोबत दुसरं माणूस हवंच आणि त्याला मेन ब्रेकर कुठे आहे ते माहीत हवं. जॉइन झाल्यावर पहिल्याच दिवशी तिने ब्रेकर, अर्थिंग रॉड आणि फर्स्ट एड किट या तिन्ही जागा स्वतः चालत जाऊन बघाव्यात.