डीव्हीडी नाही, हार्डडिस्क नाही, साटा केबल नाही: ऑफिससाठी नवा डेस्कटॉप

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीत कर सल्लागाराचं छोटं ऑफिस, काम टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं. जुन्या पीसीवर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नवा असेंबल करायचाय. त्यात डीव्हीडी रायटर, हार्डडिस्क, साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी वायर) आणि बाकी वायरींचा गुंता नको. पैसे वाचवायला जुनं कॅबिनेट आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र ठेवायचा विचार आहे.

डीव्हीडी आणि हार्डडिस्कशिवाय मशीन उत्तम चालतं. कॅबिनेट आणि एसएमपीएस मात्र नवेच घ्या. वायरी कमी होतात त्या खरेदीच्या वेळी. नंतर राहते ती नुसती आवराआवर.

सगळ्यात जास्त वेळ मदरबोर्डला द्या. कंपनीच्या साईटवरून मॅन्युअल उतरवून एम.२ स्लॉटचा, म्हणजे एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) वायरीशिवाय थेट बसते त्या जागेचा, तक्ता बघा. इंटेल आय३ १२१०० तुमच्या कामाला भरपूर आहे. मागे 'एफ' लावलेला १२१००एफ घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड आलं आणि बहुतेक वेळा त्याची वायरही आली. बोर्ड एच६१० चालेल, पण त्यावर एसएसडीसाठी बहुधा एकच एम.२ स्लॉट असतो आणि तो जेन ३ (तिसऱ्या पिढीच्या) वेगाचा. बी७६० ला सहसा दोन मिळतात, म्हणजे पुढे जागा वाढवायची झाली तरी वायर लागणार नाही. वेगासाठी जेन ४ च्या मागे धावू नका. साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडते, साधी चांगली जेन ३ एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जातीची एसएसडी) ३५०० पर्यंत जाते, आणि टॅलीला त्यापुढचा फरक जाणवत नाही.

एसएसडी घेताना फक्त 'एम.२' या शब्दावर जाऊ नका. त्याच आकारात साटा एसएसडीही मिळते, आणि बऱ्याच नव्या बोर्डांचे स्लॉट ती ओळखतच नाहीत. खोक्यावर एनव्हीएमई आणि २२८० असं लिहिलेलं हवं, म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही बोर्डांवर वायफायसाठीही छोटा एम.२ स्लॉट असतो. त्याची खाच वेगळी असते, तिथे एसएसडी बसवायला जोर लावू नका.

आता एसएमपीएस. सेमी मॉड्युलर, ४५० ते ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ पुरतो. त्यात २४ पिन आणि सीपीयूची ८ पिन या दोन वायरी कायमच्या जोडलेल्या असतात, आणि तुम्हाला नेमक्या त्या दोनच लागतात. साटा आणि मोलेक्सच्या (डिस्क, पंख्यांना वीज देणाऱ्या) वायरी खोक्यातच राहू द्या. त्या दुसऱ्या एसएमपीएसला मात्र कधी जोडू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते, आणि चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले की डिस्क जळते.

कॅबिनेटमध्ये एक फसगत हमखास होते. समोर काच, तीन रंगीत पंखे, स्वस्त किंमत, आणि घरी आणल्यावर कळतं की पंख्यांना मोलेक्स किंवा साटाची पॉवर लागते. टाळलेली वायर मागल्या दाराने परत येते! पंख्याच्या टोकाला बोर्डवर बसणारा ३ किंवा ४ पिन कनेक्टर आहे ना, हे दुकानातच खोलून बघा, आणि तितके फॅन हेडर (पंख्याची वायर लावायच्या पिना) बोर्डवर आहेत का तेही मोजा. बोर्डच्या ट्रेमागे वायर न्यायला जागा हवी. जुन्या कॅबिनेटात ती बहुधा नसते, शिवाय पुढचे ड्राइव्हचे पिंजरे हवा अडवतात. बोर्डच्या पाठीमागच्या बाजूला कनेक्टर असलेले 'बॅक कनेक्ट' प्रकारचे बोर्डही आता मिळतात, पण त्यांना तशीच भोकं असलेलं कॅबिनेट लागतं. तुमच्या ऑफिसला तो खर्च नको.

जोडणी करताना प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बोर्ड टेबलावर असतानाच बसवा. चार स्लॉट असतील तर रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एम.२ चा स्टँडऑफ (एसएसडीचं टोक टेकतं तो छोटा खुंट) ८० च्या भोकात आहे ना ते आधी बघा. एसएसडी साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबून स्क्रू लावा. हा बारका स्क्रू सहसा बोर्डच्या खोक्यातल्या पुडीत असतो, एसएसडीबरोबर येतोच असं नाही. वर बोर्डचं हीटसिंक बसवणार असाल तर त्याच्या थर्मल पॅडवरची पातळ फिल्म काढायला विसरू नका. ती राहिली की उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचत नाही, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात मोठी फाईल कॉपी करताना एसएसडी तापून वेग पाडते. एसएसडीवरचं लेबल मात्र सोलू नका, वॉरंटी जाते.

सीपीयूची ८ पिन वायर बोर्ड आत टाकण्याआधी वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून ओढून ठेवा, नंतर तिथे बोटं जात नाहीत. समोरच्या यूएसबी ३ चा १९ पिनचा जाड कनेक्टर सरळ बसवा आणि काढताना हलवू नका, पिना वाकतात, कधी हेडरच उपटून येतो. मग उरतात पॉवर बटणाच्या बारीक वायरी, ऑडिओ, यूएसबी २ आणि पंखे. एवढंच.

डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, मध्येच बंद करू नका. बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, पीटीटी चालू. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतो, तो हाच. इन्स्टॉलसाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा आणि बोर्डचा लॅन ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. सेटअप इंटरनेट मागतो आणि नेमका तेव्हाच लॅन चालत नाही. ड्रायव्हर नसेल तर फोनचं यूएसबी टेदरिंग बहुतेक वेळा काम भागवतं. डिस्कच्या यादीत एसएसडी दिसलीच नाही तर बायोसमधलं व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) चालू असेल तर बंद करा.

इन्स्टॉल करताना जुनी हार्डडिस्क अजिबात जोडू नका. तिच्यावर ईएफआय पार्टिशन (बूट फाईलींचा कप्पा) असेल तर विंडोज आपली बूट फाईल तिथेच टाकतं, आणि पुढे ती डिस्क काढली की नवं मशीन सुरूच होत नाही. क्लोनही नको. जुनी डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीच्या मांडणीची) असेल तर सीएसएम बंद असताना ती क्लोन बूट होणार नाही.

जुना डेटा घ्यायला ३.५ इंची डिस्कचं यूएसबी ३ एन्क्लोजर घ्या, १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट. नुसत्या यूएसबीवर ती डिस्क फिरत नाही. डेटा काढून झाला की तीच डिस्क बॅकअपला वापरा, पण तिची तब्येत आधी तपासून. आणि ती ऑफिसात तळमजल्यावर ठेवू नका. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मिरजेतल्या स्कॅन सेंटरने दिलेल्या घरच्यांच्या एमआरआयच्या सीडींचंही तुम्ही विचारलंय. त्यासाठी बाहेरचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो, तो मागच्या पोर्टला लावा, समोरच्याला कधी वीज कमी पडते. सीडीतल्या दोनचार फाईल उचलू नका, डायकॉमडिर या फाईलसकट सगळं जसंच्या तसं कॉपी करा, नाहीतर डॉक्टरांच्या व्ह्यूअरला चित्रांची यादी सापडत नाही.

मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. उलट दिशेचा अगदी तसाच दिसतो आणि चालत नाही, म्हणून दुकानात लावून बघा. डीएससी (डिजिटल सही) टोकनचा ड्रायव्हर नव्या मशीनवर आधी टाकून सही तपासा आणि मगच जुनं मशीन मोडा, रिटर्नच्या तारखेच्या आदल्या दिवशी हा घोळ नको.

बोर्ड ठरला की पैसे देण्याआधी त्याचं पूर्ण मॉडेल इथे टाका, रिव्हिजन नंबरसकट. एम.२ आणि फॅन हेडर बघून सांगतो.