डाउट आहे म्हणजे नक्की काय आहे?

अरे,

काल तुझा मेल वाचला, मँचेस्टरच्या क्लायंटला लिहिलेला. पाठवायच्या आधी मला दाखवलास ते फार बरं केलंस. मेल चांगलाय, फक्त पहिलंच वाक्य, आय हॅव अ डाउट अबाउट युअर इन्व्हॉइस, तेवढं जाऊ देऊ नकोस. फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू नुसतं हो ताई हो ताई करतोस आणि मला जरा पाल्हाळ लावायचाय, म्हणून लिहायला बसले.

तुला काय म्हणायचंय ते मला कळलं. दोन ओळींमधली रक्कम जुळत नाहीये, ती तशी का आहे हे विचारायचंय, बस. पण तिकडच्या माणसाला ऐकू काय येतं, तर ‘तुमच्या बिलावर माझा भरवसा नाही’. मी स्वतः हा माती खाण्याचा प्रकार केलाय. पहिल्याच नोकरीत एका कॉलवर मी म्हणाले की तुमच्या डिझाइनवर मला डाउट आहे, समोरचा दोन सेकंद एकदम गप्प, आणि मग तो जो सुरू झाला तो अर्धा तास आपलं डिझाइन कसं बरोबर आहे तेच पटवून देत बसला. मला फक्त एका चौकटीचं नाव नीट वाचता येत नव्हतं रे!

आता हे आपल्याकडे येतं कुठून? तू तर लातूरच्या क्लासमधून आलेला, डाउट सॉल्व्हिंग, डाउट क्लिअरिंग हे सगळं तुझ्या अंगवळणी पडलेलं. आणि त्याच्याही आधी शाळेत बाई फळा पुसता पुसता विचारायच्या, कुणाला काही शंका? आपली शंका दोन्ही कामं करते. विचारली की ती प्रश्न असते आणि घेतली की तो संशय होतो, क्रियापद बदललं की काम झालं. डाउटला हे जमत नाही, इंग्लंड-अमेरिकेत तरी नाही. पण लाज वाटून घेऊ नकोस हं, स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणारी माणसंसुद्धा इंग्रजीत अगदी हीच चूक करतात, कारण त्यांच्या भाषेतला डाउटसुद्धा आपल्या शंकेसारखाच विचारता येतो.

ही झाली सोपी चूक. खरी गंमत, म्हणजे खरं तर खरा धोका, पुढे आहे. तू परवा टीमच्या ग्रुपवर टाकलंस, आय डाउट द सर्व्हर इज डाउन. तुझ्या डोक्यात होतं, ‘मला डाउट आहे, सर्व्हर बंद पडलाय बहुतेक’. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो ‘सर्व्हर बंद असेल असं मला नाही वाटत’. बरोब्बर उलटा! मराठीत आपली शंका कुठल्याही बाजूला कलते, त्यानेच पैसे घेतले असावेत अशी शंका, आणि तो येईल की नाही याचीही शंका. इंग्रजीने दोन बाजूंना दोन शब्द वाटून दिलेत. आय डाउट म्हणजे मला नाही वाटत. आय सस्पेक्ट म्हणजे मला वाटतंय खरं. त्यामुळे हे क्रियापद टाइप करायच्या आधी आपलं मन होकाराकडे झुकलंय की नकाराकडे ते बघायचं, मी अजूनही बघते.

यातली मजा अशी की पूर्वी इंग्रजीतही आपल्यासारखंच चालायचं. शेक्सपिअरचा हॅम्लेट, 1600 च्या आसपासचा, बापाचं भूत चिलखत घालून फिरतंय हे ऐकल्यावर म्हणतो, आय डाउट सम फाउल प्ले. काहीतरी काळंबेरं आहे असा त्याला वास येतोय, म्हणजे थेट आपला मराठी डाउट. स्कॉटलंडच्या बोलीत अजूनही पाऊस येईलसं वाटलं की आय डाउट म्हणतात. म्हणजे तुझं वाक्य चारशे वर्षांपूर्वी खपलं असतं, पण क्लायंट आत्ताचा आहे.

आणि डाउटच्या स्पेलिंगमधल्या त्या बी अक्षराबद्दल, जो तू दर वेळी गाळतोस आणि मग स्पेलचेक लाल रेघ मारतो. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच, पुढे पंडित मंडळींनी मूळ लॅटिन शब्दात बी आहे म्हणून तो लिहिण्यात घुसवला, बोलण्यात कुणी घेतला नाही. कर्जाच्या डेट मधला बी पण असाच. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी दोन हा आकडा आहे, आणि लॅटिनचा दोन आणि संस्कृतचा द्वि ही एकाच घरातली भावंडं, म्हणजे डाउट आपल्या द्विधाचा लांबचा भाऊच की. मन तळ्यात की मळ्यात, तो खरा डाउट.

आता नो डाउट. आपण मराठीत छातीठोकपणे म्हणतो, नो डाउट, सचिनच! इंग्रजीत मात्र नो डाउट ही इज बिझी म्हटलं तर सूर बऱ्याचदा ‘असेल बाबा बिझी’ असा निघतो, नुसता अंदाज, कधीकधी वर थोडा टोमणा. शंभर टक्के खात्री सांगायची असेल तर विदाउट अ डाउट म्हण, नाहीतर सरळ डेफिनेटली.

समानार्थी शब्दांचं म्हणशील तर तू ती नेटवरची यादी उघडून त्यातला सगळ्यात भारी दिसणारा उचलतोस, ते बंद कर प्लीज. गेल्या महिन्यात रिपोर्टमध्ये डाउटफुलच्या जागी ड्युबियस टाकलंस ना, आकडे डाउटफुल म्हणजे खात्री नाही, आकडे ड्युबियस म्हणजे दाल में कुछ काला. मिसगिव्हिंग्ज म्हणजे काम हातात घेताना होणारी धाकधूक, आणि क्वाम्स म्हणजे मनाची टोचणी, तिथे खरंखोटं काय याचा प्रश्नच नसतो, बरंवाईट काय याचा असतो. आणि ब्रिटिश माणूस शांतपणे म्हणाला की आय हॅव सम रिझर्व्हेशन्स, तर तिकिटं काढली असं समजू नकोस, त्याला तुझा प्लॅन बहुतेक अजिबात आवडलेला नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी इंग्रजीपेक्षा कमी पडत नाही, कोर्टाच्या बातम्यांत. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता, हे वाक्य आपण लहानपणापासून वाचतोय, तोच बेनिफिट ऑफ द डाउट. क्रिकेटमध्ये तो बॅट्समनला द्यायची जुनी रीत. तिथे शंका शब्द चालत नाही बघ, शंकेचा फायदा असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे आपल्याकडेही शंका आणि संशय यांची वाटणी आहेच, फक्त डाउट म्हटलं की आपण दोघांना एकाच पोत्यात भरतो.

तर इन्व्हॉइसचं असं कर. आय हॅव अ क्वेश्चन अबाउट लाइन फोर, एवढंच लिही. क्वेरी पण चालेल, हिशोबाच्या मेलमध्ये तो शब्द शोभतो. कुड यू प्लीज क्लॅरिफाय हेही ठीक, पण त्याच्यापुढे काइंडली लावू नकोस, प्लीज आहे ना आधीच. आणि चौथी ओळ पुन्हा एकदा स्वतः बघ, मला वाटतं त्यांनी टॅक्स धरून रक्कम लिहिलीय आणि तू टॅक्स वगळून बेरीज करतोयस, आय सस्पेक्ट.

तुझी,
ताई