परदेशी संग्राहकाशी तिकिटांची देवाणघेवाण करताना

परदेशातील संग्राहकाशी पहिल्यांदा पत्रव्यवहार करताना आपल्याकडची जादा टपाल तिकिटे आणि हवी असलेली तिकिटे यांची यादी आधी पाठवावी. मात्र त्या यादीत कॅटलॉगचे, म्हणजे तिकिटांना क्रमांक देणाऱ्या सूचीपुस्तकाचे, नाव आठवणीने लिहावे, कारण एकाच तिकिटाला स्कॉट, मिशेल आणि स्टॅनले गिबन्स यांच्या कॅटलॉगांत वेगवेगळे क्रमांक असतात. मी सुरुवातीला नुसते क्रमांक लिहिले आणि भलतीच तिकिटे हाती आली. चूक अर्थातच माझी होती. तिकिटाची अवस्था सांगताना आडपडदा ठेवू नये: कडेचा एखादा दात तुटला असेल, मागचा डिंक गेला असेल किंवा उजेडासमोर धरल्यावर कागद एखाद्या ठिकाणी विरलेला दिसत असेल, तर ते स्पष्ट लिहावे. तिकिटे चिमट्यानेच उचलावीत आणि पाठवताना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावावा.

गप्पांना विषय कमी पडत नाहीत. स्वित्झर्लंडच्या तिकिटांवर ‘हेल्वेशिया’ हे त्या देशाचे लॅटिन नाव का छापतात, किंवा १८४० मध्ये पहिले चिकट तिकीट काढणाऱ्या ब्रिटनच्या तिकिटांवर देशाचे नाव का नसते, असे विचारले की अबोल माणूसही पानेच्या पाने लिहितो. लिफाफ्यावर मात्र निवडक, देखणी तिकिटे लावावीत. पुष्कळदा आतल्या तिकिटांपेक्षा तो शिक्का बसलेला लिफाफाच अधिक जपला जातो.